कॉम्प्युटरला लावलेला चुना

आमच्या घरचा कॉम्प्युटर माझ्या हातून मेला आणि त्याचं खापर मी एका उंदरावर फोडलं.

मी मानवतला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. तीस वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात त्या विज्ञानाचा उपयोग शून्य झाला, लाज मात्र दुप्पट वाटली.

कॉम्प्युटर तसा म्हाताराच. लेकीच्या कॉलेजसाठी घेतलेला. लेक शिकली, नोकरीला पुण्याला गेली, संसाराला लागली; हा इथंच राहिला. बटण दाबलं की आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. पडदा उजळेपर्यंत माणसाची आंघोळ उरकायची. (केस धुवायचे असले तरी!) पण माझ्या बायकोचा, सुमनचा, त्याच्यावर भारी जीव. ती अंगणवाडीच्या कामाला होती. गावोगाव हिंडताना म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घ्यायची. पोखर्णीच्या, चारठाण्याच्या, कुठकुठल्या. गुडघे दुखायला लागल्यावर तिनं काम सोडलं आणि तीन वर्षं एका बोटानं त्या ओव्या टाईप केल्या. एकेका बाईच्या ओव्या टाईप झाल्या की ती वही त्याच बाईच्या लेकीसुनांना देऊन टाकायची. "त्यांच्या आईची हाय, त्यांच्याकडंच ऱ्हावी," म्हणायची. म्हणजे सगळ्या ओव्या मिळून आता एकाच ठिकाणी होत्या. त्या घरघरत्या डब्यात! परभणीचा एक छापखाना त्याचं पुस्तक काढून द्यायला तयार झाला होता.

लेकीला फोनवर म्हणालो, "कॉम्प्युटर लय हळू चालायलाय. मीच खोलून साफ करतो, नवी रॅम टाकतो."

"बाबा, दुकानात दाखवा. तुमी खोलू नका."

"अगं, मी विज्ञान शिकवतो!"

"म्हणूनच सांगायलेय."

रविवारी सुमन गल्लीतल्या बायकांबरोबर पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेली. मी मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि डबा खोलला. नवी रॅम बसेना. बसेना म्हणजे ती उलटी होती, हे नंतर कळलं. तेव्हा मी ती बसवलीच! मग व्हिडिओतला माणूस म्हणाला, पंखा काढा, खालच्या प्रोसेसरवरचं वाळलेलं मलम पुसा आणि नवं पांढरं मलम लावा. आता हे मलम रविवारी मानवतात कुठं मिळणार? विचार करता करता माझा हात सवयीनं खिशात गेला. खिशात चुन्याची डबी होती.

(तंबाखू मी सहा वर्षांपूर्वी सोडली. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं.)

चुना पांढरा होता. मलमासारखा होता. अगदी बोटानं लावण्याजोगा होता. ओल्या चुन्यातून वीज वाहते हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. परीक्षेत प्रश्नही काढतो. दोन मार्कांचा! तरी मी तो चुना प्रोसेसरवर असा लावला, जशी गौरीच्या मुखवट्याला हळद लावतात. जरा बाजूलाही सांडला. पंखा वर ठेवला, स्क्रू आवळला, बटण दाबलं.

ठप्प!

निळा जाळ, धूर, करपट वास आणि ऐन संध्याकाळी घरात अंधार. फ्यूज उडाला. मी घाईघाईनं डबा बंद केला. सगळं होतं तसं लावल्यावर तीन स्क्रू उरले, ते खिशात टाकले आणि अंधारातच पेपर उघडून खुर्चीत बसलो. पाचच मिनिटांत सुमन प्रसाद घेऊन दारात.

"काय जळायलंय ओ?"

"उंदीर," मी म्हणालो. का म्हणालो, देवाला माहीत.

"उंदीर जळायलाय?"

"न्हाई, न्हाई! उंदरानं कॉम्प्युटरची वायर कुरतडली. आतून. मी इथं पेपर वाचत होतो."

सुमन प्रसादाची पिशवी हातात तशीच धरून खाली बसली. "माझ्या ओव्या?" एवढंच म्हणाली. मग पिशवी बाजूला ठेवून, "पोखर्णीच्या गयाबाई आता न्हाईत, सुनंनं त्यांची वही बी हरवली. त्यांची ती ओवी होती बघा, 'लेक निघाली सासराला, माग फिरून पाही शीव...' पुढची ओळच आठवंना मला. काय होती ओ?"

मला कुठून माहीत असणार? आणि त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात शेजारचे नामदेवदादा बॅटरी घेऊन आत आले. दादा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. गाडीच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस. त्यांनी डब्यावर चारी बाजूंनी बॅटरी फिरवली.

"सर, ह्याला तर सगळीकडून पत्रा हाय. उंदीर शिरला कुठून?"

मी काही बोलायच्या आत सुमन म्हणाली, "आमचे हे म्हनतेत म्हंजे शिरला असंल, दादा. इतकी वर्सं झाली लग्नाला, कधी खोटं बोलले न्हाईत."

दादांनी बॅटरी बंद केली. मी छताकडं पाहिलं. खिशातले तीन स्क्रू आपोआप वाजायलेत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आख्खी गल्ली कामाला लागली! पिंजरे आले. एकीनं मांजर आणलं, ते दूध पिऊन झोपलं. नामदेवदादांनी पाठीत चमक भरेपर्यंत ज्वारीची पोती हलवली. मीही हलवली, आणि 'कुठं गेला लबाड' असं मधूनमधून म्हणत राहिलो. लबाड तिथंच होता, पोतं धरून उभा.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या फुटक्या नशिबानं, एक उंदीर सापडला! चांगला वीतभर, टपोऱ्या डोळ्यांचा, निरपराध. सुमन पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली.

"तुला खायाला दुसरं काई मिळालं न्हाई का रे? आं? घरात ज्वारी हाय, गूळ हाय. म्हाताऱ्या बायांचे बोल खाल्लेस की रे मेल्या!"

उंदीर तिच्याकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.

"द्या इकडं, नाल्यात बुडवून टाकतो," दादा म्हणाले.

"नको!" मी एवढ्या जोरात ओरडलो की मांजर जागं झालं. "सोडून देऊ. मुका जीव आहे."

"सरांचं काळीज लय मऊ," बायका म्हणाल्या. (घ्या! आता मी दयाळूही ठरलो!) मी पिंजरा सायकलला अडकवला, गावाबाहेर कापसाच्या शेताशी गेलो, आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं आणि झाकण उघडण्यापूर्वी उंदराला हात जोडून म्हणालो, "चुकलं बाबा." तो गेला. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. बरोबर केलं.

चौथ्या दिवशी सुमन हट्टालाच पेटली. "परभणीला नेऊन दाखवू. काई वाचलं तर वाचलं." एसटीत तिनं तो डबा सगळा रस्ता मांडीवर धरला. मी धरतो म्हणालो, तर म्हणाली, "असू द्या. तुमी लय धावपळ केलीत."

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईंच्या दुकानात गर्दी होती. त्यांनी डबा उघडला, पंखा उचलला आणि थांबले. बोट लावलं. बोटाचा वास घेतला.

"काकू, तुमचा उंदीर तंबाखू खातो का?"

"आँ?"

"चुना हाय हा. पंखा काढला, खाली बराबर चुना लावला, पंखा परत ठेवला. पर स्क्रू एकच आवळला. बहोत हुन्नरी उंदीर दिसतो! बाकीचे तीन स्क्रू कुठं ठेवले म्हनं त्यानं?"

दुकान हसलं. सुमन हसली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खिशात हात घातला आणि तीन स्क्रू काउंटरवर ठेवले. त्यांच्याबरोबर चुन्याची डबीही आली. गडगडत सुमनच्या हातापाशी जाऊन थांबली.

तिनं डबी बाजूला सारली. रशीदभाईंना विचारलं, "माझ्या ओव्या?"

"बघतो काकू. डिस्क वेगळी असते. तिला चुना लागलेला न्हाई." त्यांनी आतली डिस्क सोडवली, दुसऱ्या मशीनला जोडली. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. ते फिरणं मी जन्मात विसरणार नाही. मग फाईल उघडली. सुमननं पडद्यावर बोट ठेवलं, खाली खाली नेलं आणि मोठ्यानं वाचलं,

"लेक निघाली सासराला, माग फिरून पाही शीव,
शीव म्हनं माझ्या बाई, तुझा माझा येक जीव."

रशीदभाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. मी बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते त्या दुकानात दाखवायचा मला हक्क नव्हता.

परतीच्या एसटीत मानवत जवळ आल्यावर ती बोलली. "त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी भांडले असते. लय भांडले असते. पर मी त्या उंदराला शिव्या घातल्या. आन लोकांना छाती ठोकून सांगितलं, हे खोटं बोलत न्हाईत म्हनून." मग म्हणाली, "गल्लीत आता तुमीच सांगायचं. घरोघर."

सांगितलं. सात घरं. प्रत्येक घरात चहा दिला, हा आणखी एक छळ. नामदेवदादा पाठीला शेक घेत पडले होते. म्हणाले, "मला पहिल्याच दिशी कळलं होतं सर. पर वैनी इतक्या इश्वासानं बोलल्या, मग मी कसा बोलू?" मी चहा खाली ठेवला आणि त्यांच्या हातातली शेकाची पिशवी घेतली.

पुस्तक गेल्या महिन्यात निघालं. आभाराच्या पानावर सगळ्या बायकांची नावं आहेत, रशीदभाईंचं आहे. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरात: 'तांत्रिक साहाय्य : माझे पती.'

मी म्हणालो, "हे काय गं?"

"काय म्हंजे? जगाला कळू द्या की तुमचं विज्ञान."

जगाला कळलं. आज सकाळी आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर स्वतःचा बंद पडलेला कॉम्प्युटर पोत्यात घालून दारात हजर! मी धूम ठोकली ती थेट न्हाणीत. बाहेरून त्यांचा आवाज आला, "सर हायेत का घरी?"

वाटलं, सुमन म्हणेल, नाहीत. पण ती आता कोणासाठी खोटं बोलत नाही.

"हायेत की! बसा, बसा. आलेच. खोलूनच देतेत तुमाला!"

मास्तरांचा तिसरा चहा चालू आहे. मी आतून कडी लावून, पालथ्या बादलीवर बसून हे लिहितो आहे. कागद थोडा भिजलाय, तेवढं समजून घ्या.