साहेबकाकांनी जिंकलेली बोलणी

माझ्या मावशीचे यजमान रंगाच्या कारखान्याचे मुख्य. नात्यात सगळे त्यांना साहेबकाका म्हणत. ते आले की आम्ही पोरांनी उभं राहायचं. कुणी बसून राहिलंच तर ते पोर उठेपर्यंत काका त्याच्याकडे बघत राहायचे. नोकरी धरताना त्यांनी गाडीच्या रंगापासून खुर्चीच्या पाठीपर्यंत सगळं घासाघीस करून मिळवलं होतं. राहता फ्लॅट विकून टाकला. "कंपनीचा बंगला असताना हे खुराडं कशाला?" मावशीची बोलायची सवय त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मोडली होती.

पुढे कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांना काका नकोसे झाले. करारात कलम होतं: कंपनीने काढलं तर बंगला दोन वर्षं काकांकडे ठेवायचा, स्वतः सोडलं तर महिन्यात रिकामा करायचा. बंगल्यात काकांची आई अंथरुणाला खिळलेली.

"साहेब, राजीनामा हा शब्द तोंडातून काढू नका," काकांच्या वकिलांनी बजावलं. "बाकी काय हवं ते बोला."

बैठकीत काय झालं ते मला या वकिलांनीच सांगितलं, कपाळ चोळत चोळत.

समोर कंपनीची वकीलबाई. तिने नोटीस बोर्डावर लावायचा मजकूर वाचून दाखवला: "यांना सेवेतून कमी करण्यात आले आहे."

काका ताठ झाले. "कमी? मला? हे शिपाई वाचणार?"

"खरं तेच लिहिलंय, सर."

"लिहा, स्वेच्छेने पायउतार झाले."

"तसं नाही लिहिता येणार." बाईने फाईल मिटली. पाऊण तास ती हटली नाही. काकांना जोर चढला. अशा बैठकांत त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. शेवटी बाईने सुस्कारा सोडला. "बरं. पण मग आजच्या करारातही तेच घालावं लागेल. दोन कागदांवर दोन गोष्टी नकोत."

"घाला की."

"साहेब, बंगला..." वकिलांनी टेबलाखालून पाय मारला.

"पाय आवरा, वकीलसाहेब. मी बोलतोय ना?"

काकांनी सही केली. बाईने उठून हात मिळवला. "तुमच्याशी बोलणी करणं अवघड आहे, सर." काका घरी येईपर्यंत हे वाक्य चघळत होते.

महिना भरला तेव्हा सामान उचलायला मीही गेलो. दोन खोल्यांची भाड्याची जागा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आजींना गादीसकट वर चढवताना त्या कण्हत होत्या.

"कुठं नेताय रे? काढलं का याला?"

"नाही आई, मी स्वतः सोडली," काका खालून म्हणाले.

मावशी जिन्याच्या वळणावर थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला ऐकला.

"मोठ्यानं सांगा. त्यांना कमी ऐकू येतं."

काकांनी मोठ्यानं सांगितलं.