मागांची खोली

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच मुलगा. तरी लिहायचं धाडस करतोय, त्याबद्दल क्षमा असावी. वर्गातलं एक बाक आज मला स्वस्थ बसू देईना.

त्याचा एक नट ढिला झालाय. जो बसतो तो डुगडुगतो, हसतो आणि दुसरीकडे जातो. मी शिपाईकाकांकडे पान्हा मागायला निघालो, तर शेजारचा मित्र म्हणाला, "बस रे मिस्त्री, अर्ज दिलाय ना!" मीही हसून बसलो. हात मात्र शिवशिवत राहिले.

आमच्या गावच्या शाळेत पाचवीतलं प्रत्येक पोर मागावर स्वतःचं बस्कर विणतं आणि दहावीपर्यंत त्यावरच बसतं. माझी धाकटी बहीण सुमन यंदा पाचवीत आहे. तिचं अजून अर्धंच झालंय. पुढे शिकताना हातांना विसरावंच लागतं का? 

आज गावात सभा होती. शाळेतली मागांची खोली रिकामी करून तिथे संगणक ठेवायचे, असं घाटत होतं. आमचे वडील, आबा, हेही त्याच मताचे. "पोरं शिकायला धाडलीत, विणायला नाही," म्हणायचे. मला संगणकही हवे होते आणि मागही. दिवसभर फोन हातात धरून नुसता येरझारा घालत होतो.

संध्याकाळी सुमनचा फोन आला. "दादा, माग राहिले! माझं अर्धं बस्कर बघून आबाच उठून म्हणाले, संगणकाला नवी खोली बांधू, विटा आपणच पाडू. उद्या माती भिजवणारेत!"