‘सोड’ म्हटलं तरी न सोडणारा

अण्णाचा चेहरा कसा होता असं कुणी विचारलं, तर मला जरा आठवावं लागतं. पाठ विचारा, झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन. मी गोलकीपर, तो माझ्या पुढ्यात उभा राहणारा बचावपटू, स्टॉपर. सगळी उमेदीची वर्षं मी त्या रुंद, घामानं काळ्या पडलेल्या पाठीकडे बघण्यात घालवली. उजवा खांदा थोडा खाली, मानेवर जुन्या जखमेचा वण आणि गळ्यातली तुळशीची माळ धक्काबुक्कीत हमखास मागे आलेली. सगळं कुंभकोणम त्याला ‘स्टॉपर राव’ म्हणायचं. मी अण्णा म्हणायचो, कारण वयानं मोठा होता आणि दुसरं काही म्हटलेलं त्याला खपलं नसतं.

आमची टीम एका बस कंपनीची, जिल्हा लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमधली. हजेरी डेपोतल्या स्टोअरमध्ये, पगार कंपनीचा आणि काम फुटबॉलचं. मालकाला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत मुदलाळीला, बसच्या मागे टीमचं नाव रंगवून घ्यायची हौस होती, एवढ्यावर आमचं पोट चालायचं. मोठ्या क्लबातले लोक आम्हाला हसायचे. अण्णाला तरुणपणी मद्रासच्या एका क्लबानं बोलावलं होतं. हा गेला, चार सामने बाकावर बसला आणि पाचव्याला बॅग उचलून त्यांच्या कोचसमोर उभा राहिला. “खेळायला बोलावलंत की बसायला? बसायला आमच्या घरी ओटा आहे,” असं सांगून रात्रीच्या गाडीनं परत आला. लोक म्हणाले, वेडा आहे, संधी घालवली. म्हणोत बापडे! बाकावर बसून म्हातारे झालेले मी पुष्कळ पाहिलेत.

त्याच्या आईचं सोवळं कडक. फुटबॉल चामड्याचा, आणि हा तो डोक्यानं मारणार! त्यामुळे सामन्याहून आला की त्याला पुढच्या दारानं प्रवेश नाही. मागच्या विहिरीवर डोक्यावरून चार कळश्या ओतून घ्यायच्या, मग घरात. बॉलचा मुक्काम गोठ्यात. पावसाळ्यात हा काकडत काकडत अंघोळ करायचा आणि आतून आई विचारायची, “आज डोकं लावलास की पाय?” हा खोटं बोलायचा नाही. “डोकं,” म्हणायचा आणि आणखी एक कळशी ओतून घ्यायचा. एकादशीला सामना आला तरी उपास मोडायचा नाही. मॅनेजर कपाळावर हात मारायचा. अण्णा म्हणायचा, “पोट हलकं असलं की उडी उंच जाते. तुम्हीही करून बघा.” मॅनेजरचं पोट बघता सल्ला वाईट नव्हता.

आम्हा दोघांची एक खास सोय होती. आमची घरं मराठी, भोसले राजांच्या काळापासून तिकडे रुजलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हा साऱ्यांचा शिरस्ता. अण्णा मात्र मैदानावर माझ्याशी मराठीतच ओरडायचा. “गोलपोस्ट म्हणजे घर. घरात घरची भाषा,” हा त्याचा नियम. प्रतिस्पर्ध्यांना ओ की ठो कळायचं नाही. आमचं मराठी तसं जुनाट, शिळं. पुढे बँकेतल्या नोकरीनं मला पुण्याला नेलं तेव्हा तिथल्या लोकांनी माझ्या ‘नक्को’ला हसून घेतलं. पण दुसऱ्या डिव्हिजनमध्ये त्या मराठीनं आमचे कितीतरी गोल वाचवले.

आता त्याचा दोष सांगतो. लोक दोष म्हणायचे, मीही म्हणायचो. उंच बॉल आला की गोलकीपर ओरडतो, “सोड, माझा!” आणि बचावपटू बाजूला होतो. जगभरची रीत आहे ही. अण्णा सोडायचा नाही. मी घसा फोडून ओरडायचो आणि हा तरीही उडायचा. माझा पुढचा दात त्याच्या कोपरानं गेला. “अरे, ऐकू येत नाही का तुला?” मी रक्त थुंकत ओरडलो, तर शांतपणे म्हणाला, “आलं ना ऐकू. पण माझ्यामागे तू आणि देव. देवावर माझा भरवसा आहे.”

असंच एक वर्ष आमचं फार वाईट गेलं. शेवटचा सामना उरला आणि आम्ही तळाला घसरत आलेलो. मुदलाळीनं डेपोत सगळ्यांना उभं करून सुनावलं, “खालच्या डिव्हिजनमध्ये गेलात तर टीम बंद. बुटं ठेवा आणि नट आवळायचे पाने उचला.” आम्हा बाकीच्यांना नोकरी उरणार होती, तेवढं पुरे होतं. अण्णाला पुरे नव्हतं. गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता, दुसरी कुठली टीम त्याला घेणार नव्हती. टीम गेली असती तर त्याचा खेळ संपला असता. सामन्याला जाताना बसमध्ये त्यानं एवढंच सांगितलं, “वेंकू, बरोबरी पुरते आपल्याला. आज काहीही आत जायचं नाही.”

समोर तंजावरची टीम. त्यांचा पुढचा खेळाडू एक काटकुळा पोरगा, वाऱ्यासारखा पळणारा. सामना संपत आला, गोल नाही. तेवढ्यात उजवीकडून उंच बॉल आला, अगदी आमच्या तोंडावर. मी पुढे झेपावलो आणि स्वच्छ, खणखणीत मराठीत आवाज आला, “सोड अण्णा, माझा!”

मी ओरडलोच नव्हतो! तंजावरात मराठी घरं आमच्यापेक्षा जास्त, हे आमच्या टाळक्यात कधी आलंच नव्हतं. तो काटकुळा सामनाभर आमचं सगळं बोलणं कान देऊन ऐकत होता. दुसरा कुठलाही स्टॉपर असता तर बाजूला झाला असता आणि पोरानं आरामात बॉल आत ढकलला असता. पण ती पाठ हलली नाही. ती वर उडाली. डोकं बॉलला लागल्याचा आवाज आला, बॉल पार पलीकडे गेला आणि आम्ही तिघं एकावर एक आदळलो. माझ्या नाकातून रक्त आलं. पण मी खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

मी रेफ्रीकडे धावलो. “यानं मराठीत फसवलं!” रेफ्री तमिळमध्ये म्हणाला, “कुठल्या भाषेत काय म्हणाला ते मला कसं कळणार?” इकडे अण्णानं पोराला बकोटीला धरून उभं केलं होतं. पोराचा चेहरा पांढराफटक. अण्णानं मराठीत विचारलं, “कोणाचा रे तू?” पोरानं चाचरत वडलांचं नाव सांगितलं. अण्णा हसला. “मराठी छान बोलतोस. पण ऐक. हा वेंकू खराच ओरडला तरी मी सोडत नाही. तू कोण?” शिट्टी झाली. बरोबरी. टीम वाचली.

टीम वाचली, पण पुढच्या हंगामात मुदलाळीनं केरळातून नवा, तरुण स्टॉपर आणला आणि अण्णाचा सत्कार ठेवला. डेपोत मांडव, हार, शाल. पाटीवर लिहिलं होतं, ‘खेळातून निवृत्त होत असल्याबद्दल’. अण्णानं ती पाटी वाचली, खांद्यावरची शाल काढली आणि शेजारच्या ड्रायव्हरच्या अंगावर टाकली. “खोटं लिहिलंय,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “मी सोडलेलं नाही. तुम्ही काढलंत. तसं लिहा.” मुदलाळीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. हट्टी म्हणे लोक त्याला! ज्याच्यामुळे टीम उरली त्याला शाल गुंडाळून बाहेर काढायचं, आणि हट्टी तो?

दुसऱ्या दिवशी पहाटे तो कावेरीच्या कोरड्या पात्रात वाळूवर पळत होता. पुढची कितीतरी वर्षं स्वामीमलैच्या मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांच्या टीमकडून उत्सवातल्या सामन्यांत खेळला. हातावर भट्टीचे डाग असलेली ती मंडळी त्याला डोक्यावर घ्यायची. बक्षीस म्हणून ओतताना बिघडलेला एक पितळी गणपती मिळाला, त्याची सोंड अर्धीच उतरलेली. “हाही माझ्यासारखाच,” म्हणायचा. “भट्टीनं टाकला, तरी बसलाय बघ ऐटीत.”

तो गेला तेव्हा मी पुण्यात होतो, पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. राग आला, अजून येतो. त्याआधीच्या आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, मात्र आम्ही भेटलो होतो. धरणाचं पाणी सुटून कावेरी दुथडी भरली होती. तो अंघोळीला निघाला, मीही गेलो. गुडघा पार गेलेला, घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या. नेहमीसारखा तो पुढे आणि मी मागे, समोर तीच पाठ, आता वाळलेली, माळ तशीच मागे आलेली. तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय घसरला. मी मागून दंड धरला. त्यानं हिसडा दिला.

“सोड,” तो गुरगुरला. “मला येतं उतरायला.”

“नक्को,” मी म्हणालो.

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, अगदी तोंडासमोर तोंड. मग म्हणाला, “एवढी वर्षं मागे उभा राहून एवढं शिकलास होय?” आणि पुढची पायरी उतरला. मी दंड धरलेलाच होता.