पोपटी टीमचे मन्मथअप्पा

खोली बघायला गेलो तेव्हा मन्मथअप्पांनी माझं गाव विचारलं नाही, लग्न झालंय का ते विचारलं नाही, भाड्याचाही विषय काढला नाही. कापडाच्या दुकानात गादीवर बसल्या बसल्या त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सर, तुमाला ते ऑफसाइड कळतं का?"

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. शिरूर कासारच्या कॉलेजात नुकताच लागलो होतो. थोडंफार कळतं म्हणालो, तर त्यांनी कात्री, मीटरपट्टी आणि बटणांची डबी माझ्यापुढं मांडली. "हं, सांगा." मी कात्रीचा गोलकीपर केला, पट्टीचा बचाव केला आणि एक बटण पुढं सरकवून नियम समजावला. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी विभूती लावलेलं कपाळ आक्रसून म्हणाले, "म्हंजे गडी मेहनतीनं पुढं गेला, तर त्योच गुन्हेगार? निव्वळ बेइमानी हाय सर ही." मग जिन्याकडं तोंड करून ओरडले, "अगं, वरची खोली सरांला दिली! भांडायला बरे हायेत!"

पुढं पाच वर्षं मी त्या खोलीत राहिलो आणि ऑफसाइडवरून आमचं भांडण कधीच मिटलं नाही.

अप्पा स्वतः कधी कॉलेजात गेले नव्हते. फुटबॉलला त्यांचा पाय लागला तो एकदाच, तोही चेंडू गटारीत पडला म्हणून काढताना. पण आमचे क्रीडाशिक्षक सानप सर यांनी कॉलेजात फुटबॉलची टीम काढली आणि शर्टांसाठी ते अप्पांच्या दुकानात आले, त्या दिवशी ही टीम अप्पांची झाली. शर्ट त्यांनी फुकट दिले. कापड मात्र ब्लाउजच्या अस्तराचं होतं, दुकानात कित्येक दिवस पडून राहिलेलं, डोळ्यांत खुपणारं पोपटी. ते इतकं विरविरीत होतं की कुणी शर्टाला धरलं, की बाही त्याच्या हातात यायची. समोरच्या टीमचे पाठीराखे ओरडायचे, "पोपट झाला, पोपट झाला!" अप्पा कमरेवर हात ठेवून उत्तर द्यायचे, "झाला तर झाला! उडतो तरी! तुमचं काय हाय बे? येका पायावर उभा बगळा?"

आसपासच्या कॉलेजांच्या क्रीडाशिक्षकांनी मिळून एक साखळी स्पर्धा सुरू केली होती. पोळा झाला की सामने लागायचे आणि मार्गशीर्षात अंतिम सामना व्हायचा. सामन्याच्या दिवशी अप्पा दुपारीच दुकान बंद करत. गिऱ्हाईक दारात असलं तर त्यालाही बरोबर घेत. एकदा लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं अख्खं वऱ्हाड त्यांनी मैदानावर आणून बसवलं होतं. नवरीचा बाप सुरुवातीला चिडला होता; उत्तरार्धात तो रेफ्रीच्या अंगावर धावून गेला. अप्पा मला म्हणाले, "बगा सर, गिऱ्हाइकाला कापड दावून आपलं करायला दिवस जातो. ह्यो खेळ मानसाला अर्ध्या तासात आपला करतो."

मी तिथं गेलो त्या वर्षी आमच्या टीमनं पहिले चारही सामने जिंकले. आघाडीला नवनाथ होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, काटक, कमी बोलणारा. मैदानाच्या मुरमावर त्याच्याइतकं कुणाला पळता येत नसे. पहिला सामना जिंकल्यावर अप्पांनी पेढे वाटले. दुसरा जिंकल्यावर जिल्ह्यात आपल्याला तोड नाही असं जाहीर केलं. तिसऱ्यानंतर विद्यापीठाच्या संघाचा विषय निघाला, आणि चौथ्यानंतर त्यांनी दुकानाच्या काचेतला साडी नेसवलेला पुतळा हलवला. कप ठेवायला जागा हवी ना! अप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, तो पुतळा आमच्या जिन्यात आणून उभा केला. जिन्यात उजेड कमी. मी बरेच दिवस त्याला पाहुण्या बाई समजून अदबीनं बाजूला सरकत होतो.

"औंदाची टीम लई येगळी हाय सर," अप्पा रोज सकाळी सांगायचे. "तुमी नशीबवान. पैल्याच साली कप बगणार."

काकू आतून म्हणायच्या, "अवो, दरसाली दसऱ्यापतूर जिंकतीच की तुमची टीम. ट्रका येऊ द्या, मंग बोला."

ट्रका म्हणजे काय, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या तोंडाला ते दिसलं. गावोगाव मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर लागले. त्यांत भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं चढली आणि कारखान्यांकडं ऊस तोडायला निघून गेली. माझ्या वर्गातले बाक रिकामे झाले. गोलकीपर गेला, बचावाची दोन्ही पोरं गेली, आणि या वेळी नवनाथही गेला. एरवी त्याचे आईवडील जोडीनं जायचे आणि तो शिकायला मागं राहायचा. पण ट्रॅक्टरवरून पडून वडिलांचा हात मोडला होता. नवराबायकोच्या जोडीला तिकडं 'कोयता' म्हणतात. तो कोयता मोडू नये म्हणून बापाच्या जागी लेक गेला.

अप्पा मला मोटरसायकलवर मागं बसवून नवनाथच्या वाडीला गेले. वडील दारात बसले होते, हात गळ्यात बांधलेला. अप्पांनी विद्यापीठापासून सुरुवात केली. पोराचं भविष्य, गावाचं नाव, कॉलेजची शान, सगळं सांगून झालं. त्या माणसानं चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "अप्पा, तुमी टाळ्या लई चांगल्या वाजवता. आमीबी ऐकल्यात. पर त्याच्या मायनं एकलीनं ऊस कसा तोडायचा, तेवढं सांगा."

अप्पा चहा अर्धा ठेवून उठले. परत येताना त्यांनी गाडी माझ्याकडं दिली आणि स्वतः मागं बसले.

दिवाळीनंतर टीम कशीबशी उभी राहिली. सानप सरांनी धावण्याच्या शर्यतीतली पोरं आणली, एकदा तर कबड्डीचा कर्णधार गोलात उभा केला. तो चेंडू सोडून समोरच्या गड्यालाच मिठी मारायचा. दोन सामने हरलो, एक कसाबसा बरोबरीत सुटला. तरीही आधीच्या गुणांच्या जोरावर आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. असं पहिल्यांदाच झालं होतं. आता अप्पांना घरात चैन पडेना. त्यांनी नगरकडच्या कारखान्यावर मुकादमाला फोन लावला. एका दिवसासाठी नवनाथला सोडा म्हणाले. मुकादम हसला. "न्या की. बदली मानूस द्या अन् न्या. कोयता बसून न्हाई चालनार."

तो चेष्टेत बोलला होता. अप्पांनी ती खरी धरली.

शनिवारी सकाळी मी खाली आलो तर अप्पा जुनं धोतर नेसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, पिशवीत भाकरी घेऊन उभे. वय साठीच्या पुढं, पोट धोतराच्या गाठीवर आलेलं. काकू दारात कपाळाला हात लावून बसलेल्या. "सर, तुमी तरी सांगा! ह्यांनी आयुष्यात कात्रीशिवाय कायबी धरलेलं न्हाई!"

"अप्पा, अहो, अंतिम सामना आहे उद्या," मी म्हणालो. "तुम्ही तिकडं, तर सामना बघणार कोण?"

"तुमी हायेत की. मला फकस्त येक करा, त्याच्या बुटाची नाडी नवी घ्या." असं म्हणून ते एस.टी.त चढले.

नवनाथ शनिवारी संध्याकाळी पोचला. हाताला घट्टे पडलेले, अंग उन्हानं रापलेलं. रविवारी सामना झाला. त्यानं पहिल्या अर्ध्यातच असा गोल केला, की मी, एक जबाबदार प्राध्यापक, सानप सरांच्या खांद्यावर चढलो. मात्र बाकीची टीम नवखी होती. उत्तरार्धात समोरच्यांनी दोन गोल चढवले आणि आम्ही हरलो. अप्पांना कळवावं म्हणून मी फोन लावत राहिलो. उसाच्या फडात रेंज नव्हती.

सोमवारी सकाळी नवनाथबरोबर मीही गेलो, अप्पांना आणायला. उसाच्या फडाशी पोचलो तर नवनाथची आई कौसाबाई सपासप ऊस तोडत होती आणि तिच्यामागं अप्पा मोळी बांधायला बसले होते. चेहऱ्यावर, हातांवर पाचटानं काढलेले ओरखडे. चष्मा दोरीनं कानाला बांधलेला. एक मोळी बांधून उठले, की ती सुटायची आणि ते पुन्हा बसायचे. तोंड मात्र चालू होतं. शेजारच्या फडातल्या बाया तोडणी थांबवून त्यांचं ऐकत होत्या.

आम्हाला बघून ते उठायला गेले, पण उठता येईना. मी हात दिला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोन-एक. हरलो अप्पा. पण एक नवनाथचा होता."

त्यांनी नवनाथकडं बघितलं. पोरानं मान खाली घातली. अप्पा म्हणाले, "खाली कावून बघतो बे? म्यातर हितं येक मोळीसुदिक धड बांधली न्हाई."

कौसाबाई पदरानं तोंड पुसत हसली. "सर, अप्पानं मोळ्या न्हाई बांधल्या, मोळ्यांनीच अप्पाला बांधलं. पर दोन दिस हसून हसून माझी कंबर दुखायची राह्यली बगा."

परतीच्या गाडीत कंडक्टरनं तिकिटाचे पैसे मागितले तेव्हा अप्पांना बोटं मिटता येईनात. खिशातून पाकीट मी काढलं. समोरून उसानं भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक जात होते. अप्पा खिडकीतून ते बघत होते. पाथर्डी गेल्यावर म्हणाले, "ती बाई पहाटंपासून उभी हाय सर. आन् आपन खुर्चीवर बसून म्हनतो, पोरं पळत न्हाईत."

मला वाटलं, फुटबॉलचा उत्साह ओसरला. तसं काही झालं नाही. संक्रांत झाली आणि अप्पा एस.टी.नं एकेक कॉलेज फिरायला लागले. प्रत्येक क्रीडाशिक्षकाला भेटून त्यांचं एकच म्हणणं: स्पर्धा पोळ्याला कशाला सुरू करायची? आषाढात करा, दसऱ्याच्या आत संपवा. एक जण म्हणाला, पावसात खेळणार कसं? अप्पा म्हणाले, "आमच्या शिरूरला पाऊस पडला तर म्या स्वतः येऊन माफी मागतो." दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही कॉलेजचे कोण? "कापडवाला," अप्पा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. ते उठायचं नाव घेत नाहीत हे बघून शेवटी सगळ्यांनी होकार दिला. इतर कॉलेजांतलीही पोरं तोडीला जातच होती. फक्त हा विषय कुणी काढला नव्हता.

पुढच्या वर्षी आषाढात सामने लागले. आमची टीम पहिल्यांदाच अखेरपर्यंत पुरी होती. गोलकीपर गोलात होता, बचावाची पोरं जागेवर होती आणि नवनाथ आघाडीला होता. आता कप येणार याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती.

आम्ही तिसरे आलो.

साखळीतला आमचा शेवटचा सामना दसऱ्याच्या आधीच्या रविवारी होता; तो जिंकलो असतो तर अंतिम सामन्यात गेलो असतो. नवनाथची आई आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आली होती, अप्पांच्या शेजारी बसली होती आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती. शिट्टी वाजली, आम्ही हरलो. अप्पांनी टाळ्यांसाठी उचललेले हात मांडीवर ठेवले. ट्रका यायच्या आधी सामने झाले होते, पोरं सगळी होती; या वर्षी दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं. मी त्यांचं सांत्वन करायला शब्द शोधत होतो.

कौसाबाईनं मैदानाकडं बघितलं. पोरं घामेजलेली, एकमेकांच्या अंगावर पाणी ओतत होती, फाटक्या बाह्या एकमेकांना दाखवून हसत होती.

"काय अप्पा, तोंड पाडून बसलाव," ती म्हणाली. "हरली तर हरली. समदी हितंच हायेत की."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मैदानावरची पोरं एकेक करून न्याहाळली. मग टाळ्या वाजवायला लागले.