घोडनवरीची कॅसेट

लग्नात व्हिडिओवाला बोलवायचा की नाही, यावरून आमच्या घरात जेवढी धुसफूस झाली तेवढी लग्न ठरतानाही झाली नव्हती. आणि लग्न कुणाचं, तर माझं! आज हे सहज लिहिते आहे, पण तेव्हा 'माझं लग्न' हे दोन शब्द तोंडातून निघता निघत नसत.

वय वर्षं शेहेचाळीस. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि बालाजी घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत दादा-वहिनींकडे राहत होते. गल्लीत मी सगळ्यांची 'बहनजी'. दूधवाला बहनजी म्हणे, पानवाला पानाची पिंक टाकायचा थांबे, आणि निम्म्या घरांतल्या मुली माझ्या हातची छडी खाऊन मोठ्या झालेल्या. त्यांच्या लग्नांत मी जेवून आले होते, बारशांना झबली नेली होती. आता त्याच बायकांनी माझ्या हळदीला यायचं, ही कल्पनाच मला सोसवेना. शेजारच्या हिंदी बायकांना कळलं असतं, तरी नुसतं एकमेकींकडे बघून भागवावं लागलं असतं. आपल्या मराठीत यासाठी शब्द तयारच आहे, घोडनवरी. तो कुणी तोंडावर म्हटला नाही. मीच दिवसातून दहा वेळा मनात म्हणत होते.

ज्यांच्याशी लग्न ठरलं, ते रेल्वेच्या हिशेबखात्यात होते, बदली होऊन बनारसला आलेले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी लग्न होऊन जबलपूरला. गणपतीच्या आरतीला म्हणून आमच्याकडे आले, दादाला बुद्धिबळाला जोडीदार मिळाला आणि मग ते दर रविवारी जेवायलाच येऊ लागले. वहिनी त्यांना आग्रह करकरून वाढायची आणि माझ्याकडे बघून हसायची. मला तिचा रागच यायचा. मग एकदा त्यांनी दादाला न विचारता सरळ मलाच विचारलं, तेही घाटाच्या पायऱ्यांवर, माझ्या हातात भाजीची पिशवी असताना. "विचार करून सांगते," असं म्हणून मी चालू लागले, दोन पायऱ्या चढले, आणि वळून "बरं" म्हटलं. झाला विचार!

पण "बरं" म्हणणं वेगळं आणि चारचौघांत नवरी होणं वेगळं. मी अटी घातल्या. सनई नको, पत्रिका नको, वरात नको, त्यांना फेटा-बाशिंग नको, मला शालू नको. गच्चीवर छोटासा मांडव, घरची चार माणसं, सकाळचा मुहूर्त, जेवण, संपलं.

"वन्सं, लग्न करताय की चोरी?" वहिनी म्हणाली.

"तुला नाही कळायचं. तुझं लग्न विसाव्या वर्षी झालं."

"ते काय माझ्या हातात होतं? तुमचं तुमच्या हातात आहे, तरी रडताय."

वहिनीचं असंच. बोलायला लागली की समोरच्याची पळता भुई थोडी.

ते मात्र सगळ्या अटींना मान हलवत गेले. मग एका रविवारी जेवण झाल्यावर, सुपारी कातरता कातरता हळूच म्हणाले, "माझी एकच मागणी आहे. व्हिडिओ काढू या. मुलीला आठवा महिना लागलाय, एवढा प्रवास तिला झेपायचा नाही. खरं तर तिनंच मला 'बाबा, पुन्हा लग्न करा' म्हणून भरीला घातलं. ती म्हणते, मला येता येत नाही तर निदान कॅसेट पाठवा. तुम्हाला बघायचंय तिला."

"कॅसेट? इश्श! काहीतरीच!" माझा आवाज इतका चढला की दादानं पटावरून मान वर केली. "अहो, त्या कॅसेटी लोक एकत्र बसून बघतात. शेजारीपाजारी बोलावतात. चहा पीत पीत बघतात. मी या वयात हार घेऊन उभी, आणि जबलपूरच्या बायका मला बघून फिदीफिदी हसणार! नको म्हणजे नको."

"लाज वाटते?" त्यांनी विचारलं.

"वाटते. न वाटायला काय झालं?"

"लग्नाची वाटते, की माझी?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी "भलतंच काय विचारता!" असं काहीतरी पुटपुटले. पण त्याला उत्तर म्हणत नाहीत, हे मी मुलींना वर्गात शेकडो वेळा सांगितलेलं. त्यांनी सुपारी तशीच तबकात ठेवली, "येतो" म्हणाले आणि गेले. डाव अर्धाच राहिला.

दादा पटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "हे बघ, व्हिडिओ काढ नाहीतर नको काढूस. पण माणूस असा खाली मान घालून आपल्या घरातून गेलेला मला आवडला नाही. आणि तो कायमचा गेला, तर दुसरा बुद्धिबळवाला मी आणू कुठून?"

दादा चेष्टा करतो तेव्हा तो घाबरलेला असतो. मीही घाबरले. मला हा माणूस हवा होता हो! संध्याकाळी शाळेतून येताना तो कोपऱ्यावर उभा दिसला की मला बरं वाटायचं, इतकं साधं होतं ते. मग मला लाज नक्की कशाची वाटत होती? हवा होता, याचीच वाटत होती. शेहेचाळीस वर्षांच्या बहनजीला कुणीतरी हवंसं वाटतं, हे गल्लीला कळणार, याची.

दुसऱ्या दिवशी त्यांना निरोप धाडला, व्हिडिओ काढायचा, मी स्वतः ठरवून येते. आणि शाळा सुटल्यावर चौकातल्या व्हिडिओवाल्याकडे गेले.

दुकानदार मोठा उत्साही. त्यानं टीव्हीवर नमुना लावला. त्यात एक नवरी कमळातून उगवली, मग ती गुलाबात शिरली, मग तिचे सहा तुकडे होऊन ते गरागरा फिरले. कर्म माझं! माझं चष्मा लावलेलं तोंड कमळात! मी घाईघाईनं म्हटलं, "ये सब फूल-वूल नहीं चाहिए।"

"जैसा कहें बहनजी। बारात कितने बजे आएगी?"

"बारात नहीं है। शादी सुबह है।"

"सुबह?" त्याला हे पटेना. मराठी लग्न त्यानं बघितलं नव्हतं. मी अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता सगळं समजावून सांगत होते, आणि सांगताना मस्त रंगले होते, कारण कुणाच्या का लग्नाचं असेना, शिकवायला मला आवडतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "बहनजी, प्रणाम! भतीजी की शादी तय हो गई क्या? बधाई हो!"

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील, फोटो न्यायला आले होते. दादाची मुलगी त्यांना ठाऊक होती, वीस वर्षांची, लग्नाच्याच वयाची. त्यांच्या डोक्यात दुसरं काही येणार कसं?

मी "जी" म्हटलं.

एवढंच. एक अक्षर. दुकानदारानंही मान डोलावली आणि आम्ही तिघंही माझ्या भाचीच्या लग्नाबद्दल गोड गोड बोलत राहिलो. घरी येताना माझे कान तापले होते. ऐन वेळी सांगू, आल्यावर कळेलच त्याला, असं म्हणत मी ते मनाच्या तळाशी ढकलून दिलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मधल्या खोलीत गौरीहरापुढे मी बसले होते. वहिनीनं पिवळी साडी काढून ठेवली होती. मी हट्टानं बिस्किटी रंगाची नेसले, जी मी शाळेच्या तपासणीलाही नेसत असे. मुंडावळ्या म्हटलं मग बांधू, अगदी शेवटी. भाचीनं मात्र हौसेनं हिरवी नऊवारी, नथ, गजरा, सगळं घातलेलं. दिवा घेऊन माझ्यामागे करवली म्हणून उभी होती. दिसतही होती अशी गोड की बघत राहावं.

व्हिडिओवाला आत आला. त्याच्या मागून एक माणूस तो भगभगीत दिवा धरून. व्हिडिओवाल्यानं खोलीभर नजर फिरवली, भाचीवर दिवा मारायला लावला आणि म्हणाला, "बहुत सुंदर! दुल्हन जी, ज़रा पलकें नीचे।" भाची फिस्सकन हसली. त्याला वाटलं, लाजतेय. मग तो माझ्याकडे वळून अदबीनं म्हणाला, "बुआजी, आप ज़रा उठ जाइए। पूजा पर दुल्हन को बैठाइए, अकेली का शॉट लेना है।"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण म्हणतो ना? मी खरोखर फरशीकडे बघितलं. भाचीचं हसू थांबलं, ती काही बोलणार तेवढ्यात मीच हातानं तिला गप्प केलं. काय सांगणार होती ती? सांगायला मी नव्हते का? पण मी गौरीहरावर अक्षता वाहत राहिले. व्हिडिओवाल्याला वाटलं, काहीतरी चुकलं, म्हणून तो बाहेरच्या खोलीत गेला. तिथं ते बसले होते, रेशमी सदरा, धोतर, डोक्याला काही नाही, कारण फेटा-बाशिंग मीच नको म्हटलेलं. शेजारी त्यांच्या ऑफिसातले एक मित्र आणि आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई.

"बाबूजी," मला आतून स्वच्छ ऐकू आलं, "दूल्हा कितने बजे तक आएँगे?"

कुणीतरी खोकलं. मग त्यांचा आवाज, "आपको क्या बताया गया है, किसकी शादी है?"

"भतीजी की है न? बहनजी खुद आई थीं दुकान पर।"

मग ते "अच्छा" म्हणाले. त्या "अच्छा"त राग असता तर मी निभावून नेलं असतं. राग नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाचीनं दारातून डोकावून बघितलं आणि पांढऱ्या तोंडानं म्हणाली, "आत्या, ते जिना उतरतायत."

मामा न्यायला येईपर्यंत गौरीहरापासून नवरीनं उठायचं नसतं. मी उठले. मुठीत अक्षता तशाच. वहिनी "अहो वन्सं, अहो!" करत मागे धावली. अनवाणी जिना उतरून गल्लीत आले, तर ते चपला घालत होते, आणि चप्पल काही पायात शिरत नव्हती.

"कुठे निघालात?"

"जरा बाहेर उभा राहतो. आत उकडतंय."

माघातली सकाळ, अंगावर काटा येत होता, आणि म्हणे उकडतंय!

"अहो, मला तुमची लाज वाटत नाही हो," मी म्हटलं.

"पण लोकांना सांगायची वाटते."

खोटं किती बोलणार? "हो," म्हटलं. "वाटते. फार वाटते."

"मग पुढे काय सांगणार आहात माझ्याबद्दल?" ते म्हणाले. "भाडेकरू आहे?"

रडू की हसू, मला कळेना. तेवढ्यात व्हिडिओवाला खाली आला, कॅमेरा खांद्यावर, "बाबूजी नाराज हो गए क्या?" त्याच्यामागे दिवेवाला, त्याच्यामागे दादा, वहिनी, मुख्याध्यापिकाबाई. समोरच्या ओट्यावर दूधवाला घागर घेऊन थबकलेला. वरच्या खिडकीतून दोन बायका वाकून बघत होत्या, त्यातली एक माझीच विद्यार्थिनी. आख्खी गल्ली हजर. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते सगळे, एकूण एक.

"सुनिए," मी म्हटलं. वर्गात म्हणते त्या आवाजात. दुसरा आवाज मला येतच नाही. "भतीजी की शादी नहीं है। दुल्हन मैं हूँ। और दूल्हा ये हैं।"

कुणी हसलं की नाही, देव जाणे. माझ्या कानांत नुसतं घण् घण् होत होतं. ते चप्पल तशीच सोडून माझ्याकडे बघत होते.

व्हिडिओवाल्यानं कॅमेरा सरसावला आणि ओशाळून म्हणाला, "माफ़ कीजिएगा बहनजी, कैमरा बंद था। एक बार फिर से बोल देंगी? ज़रा इधर देख के।"

दिवा माझ्या तोंडावर पडला. चष्म्याच्या काचा चमकल्या असणार, केसांतलं पांढरंही. दादा म्हणाला, "जाऊ दे गं, वर चल, मुहूर्त टळेल." जाता आलं असतं. मी लाजेनं अर्धी झाले होते. पण ही कॅसेट जबलपूरला जायची होती, आणि तिथल्या मुलीला मी कोण ते कळायला हवं होतं, तेही मराठीत. मी पदर नीट केला, कॅमेऱ्याच्या काचेत सरळ बघितलं आणि म्हटलं,

"नवरी मी आहे."