खैऱ्याला सांगायचा निरोप

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. धनसिंगचा बैल खैऱ्या पान लागून मेला नव्हता. साप त्याच्या आसपासही आला नव्हता. आणि दवाखान्यात जाताना त्या बैलाला सांगायला म्हणून धनसिंगनं माझ्याजवळ जो निरोप दिला होता, तो मी खैऱ्याला कधी सांगितलाच नाही. यातली पहिली गोष्ट मोठी आणि दुसरी हसण्यावारी नेण्यासारखी, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं...

धनसिंग जाऊन आता दीड महिना होत आला. पऱ्हाटीची शेवटची वेचणी चालू होती. त्याच्या तांड्यावरचा एक माणूस सायकल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवी टाकून वावरात आला आणि नुसता उभा राहिला. त्याच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं. छातीत कफ साचला होता, ताप उतरत नव्हता, हे ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात भेटलो तेव्हा खोकता खोकता त्यानं मला माझ्या टोपीवरून चिडवलं होतं. असा माणूस मरेल असं कोणाला वाटणार? खांद्याला अडकवलेली कापसाची ओटी न सोडताच मी तांड्याकडं निघालो. अर्ध्या वाटेवर ते लक्षात आलं.

आमची ओळख छप्पन सालच्या दिवाळीनंतर पुसदच्या बैलबाजारात झाली. मी एका खैऱ्या रंगाच्या बैलाचे दात पाहत होतो. मागून आवाज आला, "पाटील, दात कायले पाह्यता, डोळे पाहा. रडून राह्यला तो." बैलाच्या डोळ्याखाली ओली रेघ होती खरी. मी म्हणालो, धूळ गेली असेल. "तुमच्या डोळ्यात धूळ गेली तर तुमी असंच म्हणता काय, का बायकोले फुंकर माराले लावता?" दलाल चिडला, लोक हसले, मला शंका आली आणि मी तो बैल सोडला. तासाभरानं पाहतो तर तोच बैल तोच माणूस भाव पाडून घेऊन चालला होता. मी जाब विचारला तर म्हणाला, "मी खोटं बोललो काय? रडतच होता. आता मी हासवतो त्याले." मी त्या दिवशी फसलो की वाचलो, यावर आम्ही पुढं बारा वर्षं वाद घातला. तो बैल म्हणजे खैऱ्या. त्याच्या जोडीला धनसिंगकडं आधीच चांद्या होता, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. आर्णीजवळ माझ्या गावाला लागूनच त्याचा तांडा निघाला, वावराला वावर लागलं, आणि भांडण मिटवायला म्हणून प्यालेला चहा कधी संपलाच नाही.

तो काही साधुसंत नव्हता, हे सांगितलं पाहिजे. पत्ते खेळताना सरळ लबाडी करायचा. पाऊस कधी येईल हे छातीठोक सांगायचा आणि हमखास चुकायचा. गळा असा, की तो भजनाला बसला की त्याची याडी, म्हणजे आई, उठून चुलीपाशी जायची. पण बैलांशी तो लबाडी करत नसे. त्याचे बंजारा आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले होते. रेल्वे आली, ती लदेणी बंद पडली, तांडे एका जागी बसून शेती करू लागले, तरी त्या काळातली एक रीत त्याच्या घरात टिकून होती. बैल जुंपण्याआधी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचं, आज कुठं जायचं, किती लांब, परत कधी. आणि सांगितलेलं खरं असलं पाहिजे. कारण बैलाला उलटून विचारता येत नाही, असं त्याची याडी म्हणे. एकदा आम्ही आर्णीला म्हणून निघालो आणि वाटेत बेत बदलून दिग्रसला जायचं ठरलं. यानं भर रस्त्यात बैलबंडी थांबवली, उतरला आणि दोघांना नवा बेत सांगू लागला. मागं ट्रकवाला शिव्या देतोय, आणि हा शांतपणे चांद्याच्या दुसऱ्या बाजूला गेला. का, तर त्याला या कानानं थोडं कमी ऐकू येतं म्हणे.

मला ते सगळं पोरकट वाटे. मी मॅट्रिक नापास, पण वाचन दांडगं, आणि वाद घालायची खोड. म्हणून तो मला वकीलसाहेब म्हणायचा. आर्णीला ढोरांच्या दवाखान्यासमोरच्या हॉटेलात आमच्यासोबत सुखदेव कॉम्पाउंडर बसायचा. छप्पनात दीक्षा घेऊन त्यानं घरातले देव काढले होते आणि तेव्हापासून पुराव्याशिवाय तो काहीच मानत नसे. एकदा त्याच्यासमोर मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं. "ढोराले दुखते, नाही कोण म्हणते? पण आपल्याले दुखून राह्यलं हे त्याले माईत नसते. माणूस दुखणं मनात घोळवते, ढोर नाही घोळवत."

सुखदेव म्हणाला, "मागच्या महिन्यात तुमची दाढ ठणकत होती, तवा तुमी मनात काय घोळवून राह्यलते?"

"तवा काईच सुचत नव्हतं."

"मंग तवा तुमी ढोर होते म्हणा."

धनसिंगला इतकं हसू आलं की चहा नाकातून आला. मी चिडून त्याला विचारलं, "तुले काय वाटते, तू सांगतं ते बैलाले समजते?" तो बशी पुसत बसला. मग म्हणाला, "मले काय मालूम, वकीलसाहेब. मी काई त्याच्या डोक्यात शिरून पाह्यलं नाही. पण समजत असलं अन् मी सांगितलंच नाही, तर? त्यानं कोणाले विचारावं?" यावर मी काहीतरी उत्तर दिलं असणार. ते आठवत नाही. त्याचा प्रश्न मात्र आठवतो.

अठ्ठावन साली, ऐन डवरणीच्या, म्हणजे उभ्या पिकात डवरा फिरवून तण काढायच्या दिवसांत, भरलेल्या बंडीचं चाक धनसिंगच्या पायावरून गेलं. त्याला ट्रकमध्ये घालून यवतमाळला न्यायचं ठरलं. जमनावहिनी, त्याची बायको, सोबत निघाली. म्हातारी पोरांना घेऊन मागं राहिली. बैल मी माझ्या गोठ्यात न्यायचे, आधी त्याचं वावर डवरायचं, असं ठरलं. ट्रक सुरू झाला तेव्हा त्यानं मला हातानं जवळ बोलावलं. चेहरा राखेसारखा झाला होता. "बैलाले सांगजो. पाय मोडला म्हणा, यवतमाळले गेलो म्हणा, येतो म्हणा."

"मले तुमची बोली नाही येत," मी म्हणालो.

"मराठीत सांग. खैऱ्या पुसदचा हाये, त्याले दोन्ही येतात."

तेवढ्या कळांतही त्याला ते सुचलं. मी हो म्हणालो. आणि गोठ्यात गेलो तेव्हा खरंच बैलासमोर उभा राहिलो. पण तोंड उघडेना. आमचा गडी कडबा टाकत होता. तो काय म्हणेल, या एवढ्याशा लाजेपायी मी गप्प राहिलो. उद्या सांगू म्हटलं. मग ते राहूनच गेलं.

खैऱ्या दावणीला बांधला की तोंड फिरवून रस्त्याकडं उभा राही. वैरण पाठीशी पडून राही. चांद्या थोडंफार खायचा, हा नुसता हुंगायचा. रस्त्यानं बंडी वाजली की त्याचे कान उभे होत, बंडी पुढं गेली की पडत. दिवसचे दिवस मी हे पाहिलं. डोळ्याखाली पुन्हा ती ओली रेघ आली होती, आणि धूळ म्हणायला त्या दिवसांत धूळ कुठं होती, सगळा चिखल होता. धनसिंगचं वावर डवरून झालं. तोवर खैऱ्याचा खांदा आला होता. जू जिथं टेकतं तिथं सूज आली, मग ती फुटली. त्याला तेव्हाच सोडायला हवं होतं. पण माझं स्वतःचं वावर तणानं भरलं होतं, माझा एक बैल लंगडत होता आणि उघाड किती टिकेल याचा नेम नव्हता. मी जखमेला हळद-तेल लावलं, जुवाखाली चिंधी घातली आणि माझ्या वावरात त्याला जुंपलं. जू ठेवायला गेलो की तो मागं सरकायचा आणि माझ्याकडं पाहायचा. मी ते पाहणं टाळायला शिकलो. सुखदेवला बोलावलं नाही, कारण तो पहिल्या नजरेत सगळं ओळखून मला सर्वांसमोर बोलला असता.

शेवटच्या दिवशी तो चालत्या तासातच, पिकाच्या दोन ओळींमधे, बसला. मी शेपूट पिरगाळली. मग तुतारी, म्हणजे खिळा लावलेली काठी, टोचली, एकदा नाही, बऱ्याचदा. तो ओरडला नाही. नुसता लांब श्वास सोडला, डोकं आमच्या धुऱ्यापलीकडच्या तांड्याकडं वळवलं आणि तसाच राहिला. चांद्या त्याच्याजवळ उभा होता, एका जुवात अडकलेला. मी जू काढलं. जखमेत किडे पडले होते. ते मला आधीपासून माहीत होतं... हेही आज लिहून टाकतो. दोन दिवसांनी तो गेला. मी त्याला धुऱ्यावर खड्डा करून पुरलं आणि गावात सांगितलं, पान लागलं.

पोळ्याच्या तोंडावर धनसिंग कुबडीवर परत आला. मी त्याच्या अंगणात जाऊन तेच सांगितलं. त्यानं साप कोणता, कुठं चावला, काही विचारलं नाही. बराच वेळ कुबडीच्या टोकानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मी सांगाले लावलंतं ते सांगितलंतं ना त्याले?"

"हो," मी म्हणालो.

"येतो म्हणून सांगितलं?"

"हो."

तेव्हा तो रडला. पण ते रडणं सुटल्यासारखं होतं. डोळे पुसून म्हणाला, "मंग ठीक हाये. सोडून गेला आपल्याले, असं तर नाही वाटलं त्याले." जमनावहिनीनं माझ्या हातात चहा दिला. तो मी प्यालो.

त्यानंतर त्या घरात माझी ओळखच बदलली. दर पोळ्याला तो मला जेवायला बसवी आणि पाहुण्यांना सांगे, "वकीलसाहेब मानत नाही काई, पण माह्या शब्दासाठी यानं खैऱ्याच्या कानाले तोंड लावलंतं." जमनावहिनी माझ्या पोळीवर तूप जास्त वाढायची. दहा वर्षं मी ते तूप खाल्लं. सांगावंसं कितीदा तरी वाटलं. पण सांगितलं असतं तर त्याच्याजवळचं तेवढं समाधानही गेलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. ती पूर्ण खोटी नाही, आणि पूर्ण खरीही नाही. मला त्याची मैत्री गमवायची नव्हती. असा हसरा, लबाड, जीव लावणारा माणूस मला दुसरा भेटला नव्हता.

जनावराला मन असतं का, यावर आता मी हॉटेलात वाद घालत नाही. खैऱ्याला दुखत होतं हे समजायला मला कोणाचं शास्त्र लागलं नसतं. जखम माझ्या डोळ्यांसमोर होती. पण तो रस्त्याकडं तोंड करून उभा राही, त्याचं काय करायचं? खांद्याची जखम रस्त्याकडं पाहायला लावत नाही. त्याला वाट पाहता येत होती. ज्याला वाट पाहता येते त्याला आपलं माणूस आलं नाही हेही कळत असणार, आणि का आलं नाही हे मात्र कळत नसणार. यातलं एक मी नुसतं बोलून कमी करू शकलो असतो, कदाचित. त्या 'कदाचित'पुढं मला जाता येत नाही. दुखतं पण माहीत नसतं, हे माझं वाक्य मी कधी तपासून पाहिलंच नव्हतं. ते मला जू ठेवताना सोयीचं पडत होतं, एवढंच.

धनसिंगला माती दिल्यानंतर चौथ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. चांद्या आता म्हातारा झालाय, जुंपत नाहीत. पण धनसिंगनं त्याला विकायचं कधी मनातही आणलं नाही. जमनावहिनी दारात बसली होती. म्हणाली, "भाऊजी, चांद्या वैरणीले तोंड लावून नाही राह्यला. आमी कोणी बोललो नाही त्याच्याशी. माह्या तोंडून निंगत नाही. तुमीच सांगा त्याले. तवा खैऱ्याले तुमीच सांगितलंतं."

मी गोठ्यात गेलो. उन्हं चांगली वर आली होती, आणि दारात पोरं, बाया उभ्या होत्या. या खेपेला मला कोणाची लाज वाटली नाही. चांद्याच्या ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला जाऊन मी म्हणालो, "धनसिंग वारला. आता येणार नाही. तू इथंच राहशील." मग थोडं थांबून, मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, खैऱ्याबद्दलही सांगितलं. न सांगितलेला निरोप, माझं वावर, ती तुतारी. त्याला हे सांगायची गरज नव्हती. तो तिथंच होता, त्याच जुवात. त्याचा कान हलला. माशी असेल. मी हात त्याच्या मानेवर ठेवून उभा राहिलो. तो मागं सरकला नाही, पण माझ्याकडं वळलाही नाही. संध्याकाळी त्यानं थोडी वैरण खाल्ली असं कळलं. माझ्या सांगण्यानं खाल्ली की भुकेनं, मला माहीत नाही, आणि मी त्याचं श्रेय घेणार नाही.

बाहेर आलो तर जमनावहिनी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "तुमचे उपकार हायेत, भाऊजी." मी मान खाली घालून निघून आलो.

तिला वाचता येत नाही. पण वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल ती तांड्यावर जाते आणि कोणीतरी तिला वाचून दाखवीलच. त्याआधी तिच्यासमोर बसून हे सगळं माझ्या तोंडानं सांगणं, हे माझ्याकडं बाकी आहे. अजून मी गेलेलो नाही.