घरीच असणाऱ्या कामिनीचा गुडघा

माझी सून कामिनी कधीच "थकली" म्हणत नाही. जेवताना घास हातात तसाच राहतो आणि डोळे मिटतात, तेव्हा आपण समजून घ्यायचं. अड्याळच्या अलीकडे आमचं गाव, तलावाखाली धानाची जमीन. ती लग्न होऊन आली त्याला अठरा वर्षं झाली. त्यातली पंधरा वर्षं गावातल्या रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या, बायांत तीच पुढं. आमच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आटोपली की दुसऱ्यांची. ती सरकते त्या चालीनं सगळी रांग सरकते.

मागच्या जुलैच्या रोवणीत चिखलात पाय रुतलेला असताना ती पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पेंढी घ्यायला वळली. अंग वळलं, पाय वळला नाही. गुडघ्यात "कट्" असा आवाज झालेला शेजारच्या रुखमानं ऐकला म्हणे. रुखमाला दोन गावांपलीकडचं भांडणही ऐकू येतं, पण या वेळी तिचं खरं होतं. गुडघा सुजून भोपळा झाला. तेल चोळलं, फडकं बांधलं, आठव्या दिवशी बाई पुन्हा बांधीत. दिवाळीनंतर धान कापलं, भारे वाहिले. गुडघा मधेच सटकायचा, मधेच अडकायचा. जानेवारीत ती घरच्याच पायरीवरून पडली, तेव्हा कुठं अमरनं, म्हणजे माझ्या लेकानं, तिला भंडाऱ्याला नेलं. मीही गाडीत बसलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण उतरवलंही नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. मोठ्या मशीनमधले गुडघ्याचे फोटो पाहून म्हणाल्या, "आतली मुख्य दोरी तुटली आहे. शिवाय दोन हाडांमधली गादी फाटली आहे. काम काय करता?"

"घरीच असतो जी," कामिनी म्हणाली.

"गृहिणी आहे," अमरनं भर घातली. कागदावर तसं उतरलं.

हे खोटं नव्हतं बरं का. आमच्याकडे बाई दिवसभर धानात राबून आली तरी विचारल्यावर "घरीच असतो" म्हणते. आजवर जो कोणी कागद घेऊन दारात आला, त्याला आम्ही हेच लिहून दिलं.

त्या उत्तरावरच डॉक्टरबाईंनी बेत आखला. वय चाळीस, काम घरातलं. दुर्बिणीतून गादीचा फाटका तुकडा कापून काढायचा. दोरीला हात लावायचा नाही, व्यायामानं मांडी बळकट करायची. महिना-दीड महिन्यात चालणं-फिरणं सुरू.

"म्हंजे जुलैले मी मोकळी?" कामिनीचा चेहरा उजळला.

"हो. जुलैत काय आहे?"

"काही नाही जी."

मला राहवेना. म्हटलं, "बाई, एक गोष्ट सांगतो."

"बाबा, इथं नका सुरू करू," अमर म्हणाला. "बाहेर लाइन लागून आहे."

मी सुरू केली. आमच्या शाळेचे गुरुजी एकदा उडालेली टोपी काढायला बांधीत उतरले. टोपी हाती लागली, गुरुजी लागेनात. कमरेवरचे बाहेर, खालचे चिखलाच्या ताब्यात. चार बायांनी ओढून काढलं. जोडे अजून तिथंच असतील. डॉक्टरबाई हसल्या. मग मी म्हणालो, "त्या चिखलात ही महिनाभर वाकून, मागं मागं सरकत धान लावते. सकाळपासून सांजवरी. ते लिहा."

हसू थांबलं. "ताई, खरं का?"

"लिहू नका जी. मामाजीले बोलाची सवय आहे."

"उठा. कसं लावता ते दाखवा."

कामिनी कमरेत वाकली. डाव्या हातात नसलेली पेंढी, उजव्या हातानं फरशीवर रोप खोचत दोन पावलं मागं गेली. तिसऱ्याला जराशी वळली आणि गुडघा सटकला. अमरनं धरलं म्हणून वाचली.

डॉक्टरबाईंनी आधीचं सगळं खोडलं. मांडीमागच्या स्नायूची एक शीर काढून तिची नवी दोरी बसवायची, आणि त्याच वेळी गादी कापायची नाही, शिवायची. "काठाजवळ फाटली आहे. तिथं रक्त पोचतं, म्हणून टाका धरेल असं वाटतं. पक्कं आत पाहिल्यावरच कळेल. शिवली तर सहा आठवडे कुबड्या, पाच-सहा महिने उकिडवं बसायचं नाही. चिखलात नऊ महिने नाही."

"रोवणी गेली मंग," कामिनी म्हणाली.

"एक रोवणी गेली. कापून तशाच उतरलात तर गुडघा सटकत राहील, उरलेली गादीही झिजेल. पन्नाशीत पायरी चढवणार नाही."

कामिनीनं अमरकडे पाहिलं. अमर म्हणाला, "गुडघा तुहा आहे, तूच सांग."

"रुखमा पुढं लागली तर रांग तलावात जाईल," ती म्हणाली. मग सटकलेला गुडघा हातानं चाचपला. "पन्नाशीले दहाच वर्षं आहेत जी. शिवा."

आधी तीन आठवडे सूज उतरवायची होती. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबण्याचा व्यायाम दिला होता. ती भाजी चिरता चिरता तो करायची आणि मधेच पेंगायची.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. दोन तासांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या. "दोरी बसली. गादी शिवता आली, तीन टाके घातले."

मी आत गेलो. कमरेखाली बधीर, पायाला लांब पट्टा, डोळे अर्धे मिटलेले.

"शिवली," मी म्हणालो.

"यंदा रोवणी नाही मंग?"

"नाही."

"बरं," म्हणाली आणि डोळे मिटले.

दुपारी सिस्टर पायाची बोटं हलवायला शिकवायला आल्या. अठरा वर्षांत मी या बाईला दिवसाउजेडी झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "पाच मिनिटांनी या." त्या पाच मिनिटांनी आल्या. मी त्यांना आमच्या गुरुजींची गोष्ट सांगितली. दहा मिनिटांनी पुन्हा आल्या, तेव्हा अमरनं खुर्ची दाराला आडवी लावली आणि तिच्यावर बसून म्हणाला, "सिस्टर, झोपू द्या जी तिले."